आईचा काळा वाल

पोलीस ॲक्शननंतर दुसऱ्या वर्षी लग्न होऊन मी बोरीला आले. रझाकारांच्या भीतीनं गाव सोडताना माझ्या आईनं भांडीकुंडी मागं टाकली होती, पण काळ्या वालाचं बी तेवढं कमरेला बांधून नेलं होतं. त्यातलंच ओंजळभर तिनं मला सासरी जाताना दिलं. मी ते राखेत घोळून मडक्यात ठेवलं.

पेरणीच्या तोंडावर पाहुणे आले. मी नदीवरून धुणं घेऊन परतले, तर मडकं रिकामं आणि वाल पातेल्यात भिजत घातलेले.

“आत्याबाई, ते बी होतं!” मी सासूबाईंना म्हणाले. “मला विचारायचं तरी!”

“माझ्या घरातल्या मडक्याला तुला विचारून हात लावू व्हय?”

माझं डोकंच फिरलं. पाहुण्यांदेखत मी ते सगळे वाल पदरात भरले आणि परसात कुंपणालगत टोकून आले. पाहुण्यांना पिठल्यावर भागवावं लागलं. आठवडाभर घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

दिवाळीनंतर कुंपण शेंगांनी लगडलं. वाळलेल्या वालाची आमटी सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. मग शेजारीण बी मागायला आली. सासूबाई तिला म्हणाल्या, “घे की. आमच्या घरचं लय जुनं बी हाय हे.”

“माझ्या आईचं हाय,” मी मोठ्यानं म्हणाले.

“नव्या सुनंला काय ठावं!” सासूबाई हसल्या. शेजारीणही हसली.

गावात त्याला अजून माझ्या सासूचाच वाल म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला मी अजून दारातच अडवून ‘माझ्या आईचा’ म्हणून सांगते.