बुवा शांत झाले

आमच्या जबलपुरातल्या घमापुरात भाऊराव ठोंबरे गल्लीच्या तोंडाशी दिसले की लोक आधी विचारतात, "अब कौन गया?" यात भाऊरावांचा दोष थोडा आणि हौस फार. सगळी नोकरी त्यांनी तारघरात काढली. कुणाचा आजा गेला, कुणाची मावशी गेली, हे घरच्यांच्या आधी भाऊरावांना कळायचं. पुढे तार बंद झाली, भाऊराव रिटायर झाले, मुलाने सुट्टीहून परत जाताजाता हातात एक फोन दिला, आणि कुणा सद्गृहस्थाने त्यांना 'सूरसंगत' नावाच्या ग्रुपमध्ये घेतलं. माकडाच्या हाती कोलीत. त्या दिवसापासून देशात कुठेही कलावंत गेला, की भाऊरावांची श्रद्धांजली पहिली. वर्तमानपत्रं नंतर.

मी कुंदा. त्यांच्या शेजारी राहते. शाळेत जन्मभर हिंदी शिकवलं, घरात जन्मभर मराठी बोलले, त्यामुळे दोन्ही भाषांतल्या चुका मला ऐकू येतात आणि दोन्हींकडे माझं तोंड चालतं. ग्रुपमध्ये मीही आहे. जबलपूरचे आम्ही बरेच, नागपूरचे थोडे आणि पुण्याच्या एकट्या विभावरीबाई. कोणाचा तबला कोणाला झाकतो, कोणाला पुरस्कार मिळाला आणि तो का मिळायला नको होता, असं सगळं तिथे चालतं. सकाळी गुलाबाची फुलं येतात, ती मी न बघता पुसून टाकते.

ग्रुपमध्ये शिरल्या शिरल्या भाऊरावांनी आपली ओळख करून दिली : "मी भाऊराव. रोज सकाळी गाण्याची चेष्टा करतो." विभावरीबाईंनी लगेच विचारलं, "मग या ग्रुपवर आपलं काय काम?" आता हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे पुण्याला कोण सांगणार? पुढच्या आठवड्यात भाऊरावांनी लिहिलं, "मार्तंडबुवांनी गुरूंच्या घरी राहून बारा वर्षं शिक्षा घेतली." विभावरीबाई म्हणाल्या, "गुन्हा काय होता?"

भाऊराव फोन घेऊन माझ्या ओसरीवर आले. "कुंदाताई, मी सीधी बात करून राहिलो. ही बाई काहून वाकडं बोलते?"

"भाऊराव, मराठीत शिक्षा म्हणजे सजा."

"अच्छा," ते म्हणाले. थोडा विचार करून पुन्हा म्हणाले, "तसं पाहिलं तर बुवांच्या गुरूंचा स्वभाव ऐकला आहे. दोन्ही बरोबरच आहे."

हे मार्तंडबुवा म्हणजे भाऊरावांचा श्वास. नागपूरचे गायक, वय ऐंशीला टेकलेलं, मिशा भरघोस आणि राग नाकाच्या शेंड्यावर. फार मोठं नाव नव्हे. पण भाऊरावांनी लहानपणी रेडिओवर त्यांची तोडी ऐकली आणि तेव्हापासून ते बुवांचे झाले. गंमत अशी, की बुवांना समोर बसून त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. एकदा नागपूरला गेले तर बुवांचा घसा बसलेला. शिष्यानेच गाऊन वेळ निभावली. दुसऱ्यांदा गेले तर गाडी इटारसीला अशी अडकली, की हे पोचले तेव्हा सतरंज्या गुंडाळणं चालू होतं. शेवटी त्यांनी ठरवलं, आपण जाऊन जमत नाही तर बुवांनाच जबलपूरला आणायचं. बुवांच्या त्या शिष्याच्या, अच्युतच्या, हातापाया पडून त्यांनी बुवांचा होकार मिळवला, छावणीजवळच्या सदर भागातलं एक सभागृह रविवार सकाळसाठी ठरवलं, आणि माणूस चालताना जमिनीला पाय लावेना. डोळे मिटायच्या आधी एकदा बुवा समोर बसून ऐकायचे, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी मला रोज सांगितली.

पोस्टर छापायला त्यांनी कमानिया गेटजवळच्या एका दुकानात दिलं. कागदावर स्वच्छ लिहून दिलं : मार्तंडबुवा. दुकानदार सज्जन. त्याला वाटलं, मराठी माणूस आहे, हिंदी कच्चं असणार. त्याने सुधारून 'मार्तंड बुआ' छापलं. हिंदीत बुआ म्हणजे आत्या. आता आत्या म्हटल्यावर 'पधार रहे हैं' कसं चालेल? तेही त्याने आपण होऊन 'पधार रही हैं' केलं. वर बुवांचा मोठा फोटो होता, पण आत्याच्या मिशांकडे त्याने सभ्यपणे दुर्लक्ष केलं.

भाऊरावांनी पोस्टर वाचलं नाही, नुसतं पाहिलं. पाहून भरून आलं, आणि त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. बुवा स्वतः ग्रुपमध्ये होते. कधी एक अक्षर लिहीत नसत, पण वाचत सगळं.

दुपारी भाऊरावांच्या फोनवर अच्युतचा निरोप आला : "पोस्टर पाहून बुवा भयंकर संतापले आहेत. जबलपूरला येणार नाही म्हणतात. बीपी वाढलंय. मी त्यांच्याकडे निघालो."

मग काहीच नाही. अच्युत फोन उचलेना. भाऊराव माझ्या ओसरीवर फोन मांडीवर घेऊन बसून राहिले. मी चहा केला, तो निवला. उन्हं उतरली तेव्हा फोन वाजला, अच्युतचाच निरोप : "डॉक्टर येऊन गेले. आत्ताच बुवा शांत झाले. घरचे सगळे जवळ होते."

नागपुरात माणूस शांत झाला म्हणजे त्याचा राग उतरला. आमच्या जबलपुरात माणूस 'शांत हो गया' म्हणजे तो संपला. शेजाऱ्यांनी लाकडांची चौकशी करायची. तीन पिढ्या आमच्या इथे गेल्या. आम्ही जगतो मराठीत, पण मरतो हिंदीत. मला कोणी शहाणपण शिकवू नये, मीही ते तसंच वाचलं आणि डोळ्याला पदर लावला.

भाऊराव भिंतीला टेकले. "कुंदाताई, मी मारलं त्यायले. माझ्या पोस्टरनं मारलं."

मग त्यांनी लिहायला घेतलं. एरवी त्यांची श्रद्धांजली तारेसारखी, मोजक्या शब्दांत. त्या दिवशी एका बोटाने, नाक पुसत पुसत, ते बराच वेळ लिहीत होते. ते मी अजून पुसलेलं नाही :

"बुवा गेले. मी त्यांना कधी भेटलो नाही, पण माझ्या घरात सगळ्यांत जास्त बोललेला माणूस तोच. आज खरं लिहितो. तीन-चार वर्षांपासून बुवांचा वरचा षड्ज लागत नव्हता. ग्रुपवर येणारी नवी रेकॉर्डिंगं ऐका, बुवा निषादापर्यंत येतात आणि चुकवून परत जातात. आम्हां सर्वांना ऐकू येत होतं. तरी आम्ही खाली 'वा बुवा' लिहीत होतो. बुवा, माफ करा, आम्ही खोटं बोललो. तुमचा खालचा षड्ज मात्र अजून मंदिरासारखा आहे. तिथे बसून मी माझी सगळी दुःखं काढली."

मग ग्रुपचा बांध फुटला. भावपूर्ण श्रद्धांजली, ॐ शांती, हात जोडलेले, दिवे, फुलं. एकाने घाईत 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' पाठवल्या आणि मग माफी मागितली. विभावरीबाईंनी पहिल्यांदाच भाऊरावांचं व्याकरण न तपासता लिहिलं, "फार प्रामाणिक लिहिलंत." भाऊरावांनी सभागृहवाल्याला कळवलं, की मैफल रद्द, त्याच वेळी शोकसभा. कमानिया गेटलाही फोन केला. दुकानदार भला माणूस, त्याने दिवेलागणीलाच नवं पोस्टर तयार केलं.

आणि मग ग्रुपवर एक निरोप आला. नाव दिसलं, मार्तंडबुवा. त्यांचा आयुष्यातला पहिला निरोप.

"रियाजाला बसलो होतो. आत्ता सगळं वाचलं. मीही वाचलो."

त्याखाली कुणीतरी न बघता लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." मग बुवांचा दुसरा निरोप : "षड्जाबद्दल कोणी लिहिलंय ते कळलं."

जे संध्याकाळी रडले होते तेच आता भाऊरावांवर तुटून पडले. जिवंत माणसाला मारलं ते मारलं, वर गाण्यातलं उणंही काढलं. विभावरीबाईंनी 'शांत होणे' या क्रियापदावर लांबलचक टिपण लिहिलं. त्या दिवशी त्यांचं सगळं बरोबर होतं आणि कोणीच वाचलं नाही. अच्युतने एवढंच कळवलं, "माझंच चुकलं, 'राग शांत झाला' लिहायला हवं होतं. पण आता बुवा कोणाशीच बोलत नाहीत. रविवारचं विसरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊरावांच्या बायकोने, इंदिरावहिनींनी मला हाक मारली. "कुंदाताई, हे कालपासून जेवले नाहीत. फोनकडे पाहतात आणि 'बुवा जिवंत आहेत' म्हणून हसतात, आणि 'येणार नाहीत' म्हणून रडतात. मी काय करू?"

मी गेले तेवढ्यात फोन वाजला. भाऊरावांनी तो माझ्याकडे सरकवला, मी आवाज मोठा करून समोर ठेवला.

"भाऊराव का?" पलीकडून खर्जातला आवाज आला.

"हो जी."

"जिवंत आहे मी."

"हो जी. देवाची मेहरबानी."

"वरचा षड्ज लागत नाही म्हणून लिहिलंत."

भाऊरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "लिहिलं जी. तुम्ही गेले असं समजून लिहिलं. तुम्ही असताना कोण लिहिणार?"

मला वाटलं, ठेवला फोन. मग बुवा म्हणाले, "रविवारी येतो. तुम्ही माझ्या समोर बसायचं. वा म्हणायचं नाही, मान हलवायची नाही. तुमचं तोंड पाहून गाणार आहे मी."

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या जबलपुरात शास्त्रीय गाण्याला एवढी माणसं कधी येत नाहीत. पण मेलेला माणूस गातो हे ऐकून अर्धं गाव लोटलं होतं. सदरच्या दोन फौजींच्या बायका मात्र खरोखरच गाणाऱ्या आत्याला ऐकायला आल्या होत्या आणि मिशा पाहून जरा नाराज झाल्या. दाराशी कमानिया गेटचं दुसरं पोस्टर कोणीतरी काढायचं विसरलं होतं : 'स्वर्गीय मार्तंड बुआ'. बुवा त्यासमोर थांबले. आम्ही सगळे खांबांच्या आड. बुवा म्हणाले, "फोटो बरा आहे," आणि आत गेले.

तोडी गायले. खरं सांगते, गाण्यातलं मला फार कळत नाही, पण त्यांनी खालचा षड्ज लावला तेव्हा शेजारचं पोर रडायचं थांबलं. भाऊराव पहिल्या रांगेत, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे ताठ बसले होते. बुवा हळूहळू वर चढले. निषादापर्यंत आले, तिथे घोटाळले, आणि एक झकास तान घेऊन खाली उतरले. सभागृह म्हणालं, वा. बुवा फक्त भाऊरावांकडे पाहत होते. पुन्हा चढले, पुन्हा तिथूनच वळले. पुन्हा वा. तिसऱ्यांदा भाऊरावांनी डोळे मिटले, आणि बुवांनी गाणं आवरतं घेतलं.

जेवण भाऊरावांकडे. इंदिरावहिनींनी पाटवडीचा रस्सा केला होता. पंगतीत बुवा, अच्युत, भाऊराव आणि बळेच शिरलेले ग्रुपचे चार जण, मी वाढायला. जो तो बुवांना सांगत होता, काय गळा, काय दम, या वयात कोण गातं असं. बुवा मुकाट्याने भाकरी मोडत होते. मग घास ताटातच ठेवून त्यांनी विचारलं, "भाऊराव, लागला का?"

"लागला ना, बुवा, खणखणीत लागला," चौघे एकदम म्हणाले.

"मी यांना विचारतोय."

ज्या माणसाला एकदा समोर बसून ऐकायचं म्हणून भाऊराव जन्मभर झुरले, तो त्यांच्याच घरी, त्यांच्याच ताटावर बसला होता. एक खोटा शब्द बोलले असते तर सगळं गोड झालं असतं. मी मनात म्हटलं, बोला हो, एवढं एक खोटं देव माफ करतो.

"नाही लागला, बुवा," भाऊराव म्हणाले.

इंदिरावहिनींची पळी पातेल्यातच राहिली. बुवांनी अच्युतकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?" अच्युत ताटात मीठ शोधत होता. ते त्याच्या समोरच होतं.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं," बुवा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच फार वाईट वाटलं. "एवढं ऐकायला मला मरावं लागलं."

त्यांनी दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "काळी दोनची उंच पट्टी मी तरुणपणी धरली. ती सोडली तर लोक म्हातारा म्हणतील म्हणून सोडली नाही. अच्युत, उद्यापासून तंबोरा उतरव. काळी एकला लाव." आणि भाऊरावांकडे वळून, "तिथे लागेल?"

"तिथे लागेल जी," भाऊराव म्हणाले, आणि त्या माणसाला एकदम रडू कोसळलं. उष्टा हात तसाच, डोळे दंडाला पुसतात, पुन्हा भरतात.

"आता काहून रडता?" बुवा म्हणाले. "मी बसलो ना समोर, धडधाकट."

"म्हणूनच रडून राहिलो जी," भाऊराव म्हणाले. "तुम्ही गेले समजून खरं लिहिलं होतं, तेव्हा इतकं जड नव्हतं गेलं."