डाव्या हातात घ्यायचं बॅटन

सात जानेवारी, रविवार. डहाणूला आईकडे वर्षाच्या तांदळाला एरंडेल लावत बसले होते. तांदूळ तलासरीच्या डोंगराकडचा, आदल्या दिवशी मीच एसटीच्या टपावर टाकून आणलेला. मी तेव्हा तलासरीच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आईकडे यायचं आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत जायचं, असा माझा क्रम होता. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. आई स्टेशनाजवळच्या भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहायची.

त्या दिवशी चार वाजता दिल्लीत माझा धाकटा भाऊ धावणार होता. आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धा होती, त्यात पुरुषांची चार गुणिले शंभर मीटरची रिले. आपल्या चौघांत त्याची जागा दुसरी. आईने देवापुढे खडीसाखर ठेवली आणि ती मोकळी झाली. मी सकाळपासून दोनदा ओकले होते. तिला सांगितलं नाही. काल एसटीत काय खाल्लंस, एवढंच तिने विचारलं असतं.

तो हरेल याची मला भीती नव्हती. तो बॅटन, ती हातोहात द्यायची दांडी, चुकीच्या हाताने घ्यायला जाईल आणि ते पडेल, याची भीती होती. आणि तसं झालं तर त्याचं कारण मी होते.

भाऊ जन्माने डावखुरा. चार वर्षांचा होईपर्यंत सगळं डाव्या हाताने करायचा. वडील रेल्वेत बुकिंग क्लार्क होते, चार लोकांत ऊठबस असलेले. ते म्हणाले, हा पोरगा पंगतीत बसवण्यासारखा नाही, याचा हात वळवा. आईला वेळ नव्हता, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी बारा वर्षांची होते. आईच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून मी पट्टी केली आणि जेवायच्या वेळी त्याचं डावं मनगट करगोट्याला बांधून टाकायला लागले. पहिले काही दिवस तो ताटावर मान घालून रडला. मग रडायचा थांबला. तरी चुकून डावा हात पुढे आला, तर मी त्यावर चमचा मारायचे. आठ महिन्यांत काम झालं. पट्टी सोडली तरी हात पुढे यायचा नाही. प्रसाद, पाटी, चेंडू, काहीही द्या, उजवाच यायचा. वडिलांनी मला शाबासकी दिली. मला अभिमानही वाटला होता, ते लपवत नाही.

पुढे तो डहाणूच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या वाळूत पळून पळून तयार झाला. रेल्वेने त्याला धावपटू म्हणून नोकरीत घेतलं, पण तात्पुरतं. देशाच्या संघात टिकला तर कायम करू, असं साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. आईचं सगळं त्या नोकरीवर चालत होतं.

दिवाळीला तो चार दिवसांच्या रजेवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"ताई, चल मागच्या वखारीत. मला कोणीतरी द्यायला पाहिजे."

घरामागे एका शेठची गवताची वखार होती. गंजींच्या मधून बैलगाड्यांसाठी सोडलेली सरळ वाट होती. तिथे त्याने मला रिले समजावली. पहिला धावणारा बॅटन उजव्या हातात घेऊन पळतो. दुसरा ते डाव्या हातात घेतो, तिसरा उजव्यात, चौथा डाव्यात. मध्ये हात बदलायचा नाही, त्यात वेळ जातो. घेणारा पुढे बघत आधीच पळत सुटतो आणि हात मागे टाकतो. देणारा त्या हातावर बॅटन ठेवतो. वळून बघायचं नाही.

"म्हणजे तुला डाव्या हाताने घ्यायचंय," मी म्हटलं.

"हो."

"मग अडचण काय आहे?"

तो लाटणं माझ्या हातात देऊन वीस पावलं पुढे जाऊन उभा राहिला. "जोरात ये. उगाच लग्नातल्यासारखी चालत येऊ नकोस."

"आणि मी पडले तर?"

"मास्तरीण आहेस. पोरांना सांगू, बाई गुरुत्वाकर्षण शिकवत होत्या."

मी पदर खोचून पळाले. शेठची बायको गच्चीवरून बघत होती. मी भावाला मारायला धावतेय असं वाटून तिने खाली ओरडून विचारलं, "आ बेन भाईने मारवा दोडे छे के शुं?"

"मारून झालं, भाभी," भाऊ म्हणाला. "आता शिकवतेय."

मी वीस वेळा लाटणं दिलं. पहिल्या तेरा वेळा त्याचा डावा हात बरोबर मागे आला. तेवढ्यात कुंपणाबाहेर दहाबारा माणसं जमली आणि कोणीतरी शीळ घातली. त्यानंतर सातही वेळा उजवा हात आला. मी डाव्या बाजूने येत होते, हात उजव्या बाजूला, आणि लाटणं दर वेळी जमिनीवर. त्याला कळतही नव्हतं. लाटणं वाजलं की तो स्वतःच्या हाताकडे बघायचा, तो हात दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

शेवटी गंजीला टेकून बसला आणि म्हणाला, "शांत असलो की येतो. घाबरलो की जातो."

"तुमच्या प्रशिक्षकांना सांग."

"सांगितलं तर काढतील. दुसऱ्या जागेसाठी तिघं रांगेत आहेत."

"आणि पडलं तर?"

"पडलं तर परत संघात नाही. तो त्यांचा नियमच आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू कोणाला बोलणार नाहीस. माझी शपथ आहे."

मी शपथ घेतली. त्याचं मनगट बांधलं होतं तेव्हा त्याने मला कधी काही विचारलं नव्हतं, आणि आताही तो विषय काढला नाही. काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढे संघाच्या सराव शिबिरातून त्याचं एक पोस्टकार्ड आलं होतं. "आता जमतंय. काळजी नको." त्यावर मी विश्वास ठेवला नाही. शिबिरात शीळ घालायला कोण असतं?

त्या रविवारी पावणेचारला हात राखेने घासून धुतले आणि आईला घेऊन वखारीत गेले. रेडिओ शेठकडे होता. त्यांनी दोन खुर्च्या पुढे ओढल्या.

"बेसो, बेन. तुमच्या भाईसाठी आज वजनकाटा बंद ठेवलाय."

मला बसवेना. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. हिंदी निवेदक आधी भालाफेक सांगत बसला, मग कुठल्यातरी पाहुण्याचं आगमन. आवाज मध्येच बुडायचा, शेठ रेडिओवर थाप मारायचे. अखेर रिलेची प्राथमिक फेरी आली. आपला संघ दुसऱ्या गटात, बाहेरच्या लेनमध्ये.

पिस्तुलाचा आवाज रेडिओवर काडी मोडल्यासारखा आला. मागोमाग लोकांचा गलका. दिवाळीत वखारीबाहेर दहाबारा माणसं होती, तिथे हजारो असणार. मी मनात त्याला सांगत होते, डावा, डावा. आणि त्याच वेळी मला तो चमचा दिसत होता.

"पहला धावक बहुत अच्छा," निवेदक म्हणाला. "अब बदली... अरे, बॅटन... गिरते-गिरते बचा! छाती से लगा लिया! दूसरे धावक ने हाथ बदला, समय गया..."

पुढचं मी ऐकलं नाही. कानात नुसती घूं घूं चालली होती. शुद्धीवर आल्यासारखी झाले तेव्हा शेठ टाळ्या वाजवत होते. संघ गटात तिसरा आला होता. पहिल्या तिघांना अंतिम फेरी मिळत होती, आणि ती मंगळवारी होती.

"मंगळवारी पेढे तुमच्याकडून, मावशी," शेठ आईला म्हणाले.

"देईन की," आई म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "वाचलं हो बॅटन. देवालाच काळजी."

घरी येऊन मी पुन्हा तांदळाशी बसले. अर्धी पाटी झाली आणि हात थांबले. आज छातीने वाचवलं. मंगळवारी गलका दुप्पट असेल, आणि आजची चूक त्याच्या डोक्यात असेल. तो आणखी घाबरणार. बॅटन पडणार, हे मला पाढ्यासारखं स्पष्ट दिसत होतं.

"आई, मी उद्या दिल्लीला तार करणार आहे."

"कोणाला?"

"त्याच्या प्रशिक्षकांना. त्याला दुसऱ्याऐवजी तिसरा पळवा म्हणून. तिसऱ्याला उजव्या हाताने घ्यायचं असतं, आणि घाबरला की याचा उजवाच पुढे येतो."

आईने पोळपाट बाजूला ठेवला. "आणि ते विचारतील, का? मग काय सांगशील? हात बांधून ठेवत होतो पोराचा, म्हणून?"

"हो. मी बांधत होते, असं सांगेन."

"घरातली गोष्ट सरकारी तारेने पाठवायची? पोस्टात सगळा गाव वाचेल."

"वाचू दे."

"आणि त्याला काढून टाकलं तर? तुला भाऊ तोंड दाखवेल का?"

मी त्याची शपथ मोडणार होते. गप्प राहिले तर कदाचित हात बरोबर येईल आणि तार केली तर तिनेच त्याची जागा जाईल, हेही खरं होतं. दोन्हीकडे धोका होता. फरक इतकाच, की गप्प राहिल्यावर बॅटन पडलं असतं, तर ते का पडलं हे जगात फक्त आमच्या घरात माहीत असतं आणि दोष सगळा त्याच्या नावावर लागला असता.

"बघ बाई, तुझं तू," आई म्हणाली. "तुझ्या वडिलांनी सांगितलं होतं, हे पण लिही." ती परत पोळ्यांकडे वळली.

"ते लिहिणार नाही. बांधलं मी."

सोमवारी सकाळी पहिली गाडी मी जाऊ दिली. नोकरीत पहिल्यांदाच. स्टेशनाजवळच्या तारघराचं दार उघडायच्या आधी जाऊन पायरीवर उभी राहिले. बाबूंनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि पुन्हा वाचला. "अंतिम फेरीत दुसऱ्याला तिसरा पळवा. उजव्या हातानेच घेईल. लहानपणी डावा हात मी बांधला होता. दोष माझा. बहीण."

"बाई, ही काही सांकेतिक भाषा आहे का?"

"नाही. सरळ आहे."

"बरं. पण इंग्रजीत लिहा, लवकर जाईल."

मी काउंटरवरच इंग्रजी केलं. दोन शब्द खोडले, 'दोष माझा' मात्र ठेवलं. बाबूंनी यंत्रावर बोट ठेवलं, कट्ट-कट्ट सुरू झालं, आणि ते थांबेपर्यंत मी हलले नाही. पाठवणाऱ्याच्या रकान्यात आईच्या घराऐवजी तलासरीच्या शाळेचा पत्ता लिहिला होता, म्हणजे जे काही उत्तर येईल ते आधी माझ्या हातात पडेल. मग नऊच्या एसटीत उभ्याने तलासरीला गेले.