ताटातलं नाव

२१ जुलै २०२४, रविवार. सकाळपासून आभाळ, पाऊस नाही. तेजश्री व नातजावई शिवशंकर नेकनूरहून बसने आले. कराच्या कागदांचा घोळ.

एवढं लिहून वनमालाबाईंनी पेनाला टोपण लावलं.

तेजश्री त्यांची नात, बँकेत नोकरीला. लग्नात तांदळाच्या ताटात शिवशंकरने अंगठीने तिचं नवं नाव काढलं होतं, योगिता. त्याच्या आईच्या आवडीचं. नंतर हौसेने गॅझेटात नावबदल छापून घेऊन, तिला नेऊन आधारवरही तेच करून आणलं. आता पॅनवर तेजश्री, आधारवर योगिता, आणि कराचं विवरणपत्र अडलेलं. एक नाव बदलावंच लागणार होतं. शिवशंकरचं म्हणणं, पॅनवरही योगिताच करून टाकू, कटकट मिटेल. तेजश्री नुसती बसच्या तिकिटाच्या घड्या घालत होती.

वनमालाबाईंना आपलं ताट आठवलं. कॉन्व्हेंटात शिकलेली धनश्री त्या तांदळात वनमाला झाली. पण शाळेतली नेमणूक लग्नाआधीची, त्यामुळे पगार आणि कर जुन्याच नावाने राहिले. सासरे बदला म्हणाले, तर नवऱ्याने, विजयसिंहांनी, ते हसण्यावारी नेलं. दरवर्षी आषाढात ते झोपाळ्यावर कागद मांडायचे, वकिलाने फुली केलेल्या जागी बोट ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "धनश्री, इथं." वर्षातून तेवढंच. त्या दिवशी वनमालाबाई मुद्दाम मोगरा माळायच्या. ते गेल्यापासून त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

हे सगळं त्यांनी दोघांना सांगितलं, मोगऱ्याचं सोडून.

शिवशंकर खाली बघत म्हणाला, "आज्जी, मला वाटलं हिला आवडंल. इचारलंच न्हाई मी."

"मग आता विचारा की."

त्याने तेजश्रीकडे पाहिलं. ती म्हणाली, "घरात योगिता म्हणा, आईंना बरं वाटतं. सही मात्र मला माझीच राहू द्या."

"म्हंजे आधार परत बदलायचं. त्यो केंद्रवाला लई हसंल मला."

"हसू दे. मी पण येते हसायला."

तेजश्रीच्या आधीच्या नावाचे कागद शोधायचं ठरलं. जेवणं झाली. निघताना शिवशंकर पाया पडला आणि उठता उठता म्हणाला, "येतो, धनश्री आज्जी."

बस केव्हाच गेली, तरी त्या दारातच उभ्या होत्या.

संध्याकाळी वही उघडून त्यांनी लिहिलं: दूध उतू गेलं. शेगडी पुसली. चहा बिनदुधाचा घेतला.