झडपेतलं हाड

मॅडम बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे कधी बघत नसत, गळ्याकडे बघत. तिथली उडणारी शीर त्यांना दिसली की आपलं काम बाजूला राही आणि "रात्री झोपला नाहीस का?" असा प्रश्न येई. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. पोरांनी नाव ठेवलं होतं, झडपवाल्या मॅडम.

नाव उगाच पडलं नव्हतं. प्रॅक्टिकलच्या दिवशी त्या मटणाच्या दुकानातून स्वतः बकऱ्याची हृदयं आणत आणि आतली झडप आम्हाला चिमटीत धरायला लावत. "बघा, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. हीच म्हातारपणी कडक होते." त्यांना म्हातारी झडप हवी असे आणि ती काही मिळत नसे. दुकानदार हसायचा, "मॅडम, बुड्ढा बकरा कौन खाता?"

वयामुळे झडप झिजते असं कोणी म्हटलं की त्या चिडत. "झिजत नाही रे. ती काहीतरी नवीन करत असते. प्रत्येक पेशीजवळ अख्ख्या शरीराची पोथी आहे. झडपेच्या पेशीनं झडपेचं पान वाचावं. पण वय झालं की ती हाडाचं पान उघडते. हाडाची जनुकं जागी होतात आणि तिथं चुना साठतो. तिले हे पान उघडाले कोण सांगते?" शिकवताना प्रमाण बोलणाऱ्या मॅडम प्रश्नावर आल्या की वऱ्हाडीत घसरत. उत्तर त्यांना माहीत नसे, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे.

पुढे ती वर्षं आली. कापसानं दगा दिलेला, घरोघरी काळजी. कोणाला दम लागला की सगळे एकच कारण सांगत, टेन्शन. मॅडमचा धाकटा भाऊ अकोटला एसटी ड्रायव्हर होता, धारणीच्या घाटात गाडी न्यायचा. शेत नावालाच उरलेलं, घर त्याच्या पगारावर. मी तेव्हा अकोटला नोकरीत होतो. मॅडम आल्या की मला बोलावून घेत. एकदा जिना चढून आलेल्या भावाला धाप लागली. मॅडमनी त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"झडपेतून आवाज येऊन राहिला. हृदयाचा इको काढ."

"टेन्शन हाय ताई. इकोत काही निघालं तं स्टेअरिंग जाईन माहं."

"अन् घाटात चक्कर आली तं?"

तो उठून बाहेर गेला.

एकाच आईबापाची लेकरं, तेव्हा मॅडमनी स्वतःचा इको काढला. झडपेला जन्मापासूनच तीनऐवजी दोन पाकळ्या होत्या. अशी झडप लवकर कडक होते आणि कधीकधी घराण्यात उतरते. जगाला टोकणाऱ्या बाईंनी आपला स्वतःचा दम मात्र खुशाल वयावर ढकलला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. मॅडमची अट एकच, "काढलेली झडप मला द्यायची."

हिंडूफिरू लागताच त्या झडपेची बाटली घेऊन अकोटला आल्या. झडप धुऊन त्यांनी भावाच्या तळहातावर ठेवली.

"दाब."

त्यानं अंगठ्यानं दाबली. दबली नाही.

"हे माह्या छातीत होतं. तुह्या छातीत काय हाय ते पाहू दे. मले भेव लागते रे."

मॅडमना भीती वाटते हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. भाऊ ती झडप किती तरी वेळ उलटीपालटी करत राहिला. मग म्हणाला, "सकाळी डेपोत सांगतो."

इकोत त्याचीही झडप तशीच निघाली. ऑपरेशन झालं, गाडी चालवणं सुटलं, डेपोत बसून करायचं काम मिळालं. ते त्याला कधीच आवडलं नाही.

मॅडम गेल्या उन्हाळ्यात वारल्या. मला त्यांना अजून खूप विचारायचं होतं, ते राहूनच गेलं. तिरडीला पुढचा खांदा भावाचा होता. ऊन मी म्हणत होतं आणि त्याचंही आता वय झालेलं, म्हणून अर्ध्या वाटेवर मी खांदा बदलायला पुढे झालो.

"राहू द्या," तो म्हणाला, "मले दम नाही लागत आता."