सुटलेली वाक्यं

कॉलेजच्या विद्यार्थिनी मंडळात मला घेतलं ते केवळ अक्षर बघून. बाकी माझ्यात घेण्यासारखं काही नव्हतं. माइक हातात आला की माझी दातखीळ बसायची, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिळगूळ वाटला कमी आणि खाल्ला जास्त. पण फळ्यावर सूचना लिहायची वेळ आली की सगळ्या मला शोधायच्या. माझे वडील डिलाईल रोडवर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि ते काम गेलं. मग त्यांनी त्यांची सगळी हौस माझ्या वहीवर भागवली. एक वेलांटी वाकडी आली तरी पान फाडायचे. त्यामुळे अक्षराचा मला माज होता, हे कबूल करते.

मंडळाची कामं बरीच होती. विसर्जनानंतर गिरगाव चौपाटी साफ करायची, परळच्या हॉस्पिटलांत बाहेरगावच्या लोकांना फॉर्म भरून द्यायचे. पण मानाचं काम म्हणजे अंध विद्यार्थ्यांचे पेपर लिहिणं. त्यांनी तोंडी सांगायचं, आपण लिहायचं. आपल्या मनाचं अक्षरही घालायचं नाही. लिहिणारी मुलगी खालच्या वर्गातली लागायची. आमच्या सचिव ताईने सगळ्यांकडून चार ओळी लिहून घेतल्या आणि माझा कागद वर काढला. "परीक्षकाला वाचता आलं पाहिजे, बस," ती म्हणाली. चार ओळी लिहायला मला किती वेळ लागला, ते ना तिने बघितलं, ना मी.

मी एफवायला, पहिल्या वर्षाला होते. जिचा पेपर लिहायचा होता ती टीवायची, तिसऱ्या वर्षाची, अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर्समध्ये राहणारी. जन्मापासून दिसत नव्हतं, पण काठी घेऊन दादरच्या फूल मार्केटातून अशी सरळ जायची की मीच मागे पडायचे. समाजशास्त्रात आधी नापास झाल्याने तिची ती एक केटी राहिली होती. वडील मे महिन्यात रिटायर होणार, क्वार्टर सोडावी लागणार, आणि घरचे सगळे कणकवलीजवळच्या गावी जाणार हे ठरलेलं होतं. ती पास झाली तर एमएला अ‍ॅडमिशन आणि मुंबईतच हॉस्टेल. नाही तर तीही गावी. "गावाला मला कोण एकटीला बाहेर सोडणार? पडवीत बसून तांदूळ निवडायचे," पेपरच्या आदल्या दिवशी ती हसत म्हणाली होती.

पेपरला आम्हाला वेगळी खोली दिली. समोर एक मॅडम पर्यवेक्षक होत्या. मी प्रश्न वाचला आणि ती सुरू झाली. ती इतक्या वेगाने बोलेल असं मला वाटलंच नव्हतं. पहिलं वाक्य मी लिहीपर्यंत तिचं तिसरं संपलेलं असायचं. मी म्हणायचे, "ताई, थांब जरा." ती थांबायची, आणि पुन्हा सुरू करताना तिचा धागा तुटलेला असायचा. कपाळाला आठ्या घालून ती शोधत बसायची. असं चार-पाच वेळा झालं. मला 'थांब' म्हणायची लाज वाटायला लागली. भराभर काहीतरी खरडावं म्हटलं, तर गिचमिड लिहायला माझा हात तयार होईना. इतका राग मला माझ्या हाताचा कधी आला नव्हता.

मग तिने "लिहिलंस?" विचारलं की मी "हं" म्हणायला लागले. आधी एखादं वाक्य सुटलं, मग तीनातलं एक, शेवटच्या प्रश्नाला तर तीनातलं एकच कागदावर आलं. तिची आता तंद्री लागली होती, चेहरा उजळला होता. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "पुरवणी किती लागल्या?"

"एक."

"एकच?"

"माझं अक्षर बारीक आहे," मी म्हटलं.

चार मार्कांनी तिचा विषय राहिला. तिचा विश्वासच बसेना. तिने उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली आणि ती घेऊन थेट मंडळाच्या खोलीत आली. वाचून दाखवायला तिघीजणी तयार होत्या, पण ती म्हणाली, "हिचंच अक्षर आहे, हीच वाचेल."

मी वाचायला लागले. पहिलं सुटलेलं वाक्य जिथे हवं होतं, ती जागा आली. गिरणी बंद पडल्यावर जिने घर चालवलं, त्या बाईला कोणी कामगार म्हणून मोजलंच नाही, असं काहीसं ते होतं. पुस्तकात नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. महिनाभर असल्या वाक्यांनी माझा पिच्छा पुरवला होता. ते आपोआप माझ्या तोंडातून बाहेर पडलं. त्यानंतर मला थांबताच आलं नाही. कागदावर नसलेली उत्तरं मी पानं उलटत उलटत वाचली.

"बघ, सगळं आहे की," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मग मार्क का कापले?"

तिने फेरतपासणीला टाकायचं ठरवलं. तो अर्जही मीच लिहिला, सुंदर अक्षरात.

निकालात बदल नाही, असं उत्तर आलं. मी सचिव ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कागदावर जे नाही त्याला मार्क कोण देणार? आता बोलून काय होणार आहे?" मार्क वाढणार नव्हते, हे मलाही कळत होतं. पण जिचा पेपर होता तिची चूक नव्हती, एवढं तरी तिला कळायला हवं होतं. ते सांगायचंच म्हणून मी अँटॉप हिलला गेले.

खाली टेम्पोत कपाट चढवत होते. ती जिन्यात एका ट्रंकेवर बसली होती. माझा आवाज ऐकून तिने सरकून मला जागा केली.

"तुझ्यावर उगाच ताण आला गं माझ्यामुळे," ती म्हणाली. "दोन दोन परीक्षकांनी बघितलं म्हणजे दोष माझ्याच उत्तरात असणार. मला उगाच वाटत होतं मी भारी लिहिते."

"ताई, तसं नाही," मी म्हटलं. वरून तिचे वडील हाका मारत होते.

"ऑक्टोबरला येते परत," ती उठत म्हणाली. "आता पुस्तकातलंच पाठ करून येणार. माझं स्वतःचं काही घालणार नाही. लिहायला मात्र तूच ये."

मी येते म्हणाले.