भाटवे आणि भरती

भंडारा जिल्ह्यात रोज जेवढी काळजी केली जाते, तिच्यातली निम्मी एकटे आमचे भाटवे करतात आणि उरलेली आम्ही सगळे मिळून त्यांची करतो. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दिघोरीला राहतात. शाळेत कारकून होते. आता निवृत्त झाल्यामुळे काळजीला पूर्ण वेळ देता येतो. पंखा अंगावर पडेल म्हणून त्यांची खाट भिंतीला लागून असते, आणि भिंत पडेल म्हणून ती पुन्हा हातभर अलीकडे ओढलेली असते. गॅसचं बटण बंद केलं की नाही हे पाहायला ते एकदा लग्नाच्या पंगतीतून उठून घरी गेले होते. बंदच होतं. पण "आज बंद होतं, उद्याचं काय?" म्हणत बिचारे खिन्न चेहऱ्याने परत आले आणि बुंदीला हात लावला नाही. एसटीचे ब्रेक फेल होतात, ऑटो उलटतो, मोटारसायकल तर उलटण्यासाठीच तयार केलेली असते, असं त्यांचं मत. त्यामुळे जन्मभर ते सायकलवरच हिंडले. "सायकल बी पाडते मानसाले, पन हळूच पाडते," असं ते मोठ्या कृतज्ञतेनं सांगतात. तरीही उतार आला की खाली उतरतात आणि सायकल हातात धरून, तिला समजावत असल्यासारखे चालतात.

हे सगळं त्यांच्या घराच्या जागेमुळे झालं असावं. घर गावतलावाच्या पारीखाली आहे. पार म्हणजे तलावाचा बांध. झडीचा पाऊस लागला आणि तलाव तुडुंब झाला की पार फुटायची भीती. म्हणून कोणीतरी पाण्याच्या कडेला काडी रोवून बसायचं. पाणी काडीच्या वर गेलं की गाव जागं करायचं, आणि खाली गेलं की "उतरलं, उतरलं" असा निरोप घरोघर द्यायचा. हे काडीचं काम लहानपणापासून भाटव्यांकडे. दुसऱ्या कुणाला ते करू देत नाहीत, कारण दुसऱ्याला डुलकी लागली तर? तलाव त्यांच्या हयातीत एकदाही फुटला नाही. याचं श्रेय ते काडीला देतात.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीला शिक्षक भरतीत जिल्हा मिळाला तो रत्नागिरी. गाव अगदी समुद्राच्या काठचं. दिघोरीत पेढे वाटले गेले, पण भाटव्यांनी आपला पेढा हातातच धरून ठेवला. "भरतीनं नेली माझी पोरगी," एवढंच बोलले. पुढे तिनं एकदा फोनवर सहज सांगितलं की वाऱ्यानं शाळेची चार कौलं उडाली. झालं! भाटव्यांनी तेव्हापासून जेवण कमी केलं आणि एकच धोशा लावला, "राजीनामा दे, बाई. घरी ये." भाचीही बापाचीच लेक, हट्टात कमी नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही स्वतः येऊन पाहा. पाहूनही तुम्हाले भीती वाटली, तर मी राजीनामा देतो."

हे ऐकून मी कपाळाला हात लावला. ज्या माणसाला पंख्याची भीती वाटते, त्याच्यावर समुद्र सोडून हिनं पक्की नोकरी पणाला लावली होती.

धानाची मळणी आटोपली आणि भाटवे निघाले. रेल्वेच्या मालडब्यात सायकल टाकली, कॅरिअरला घरच्या चिन्नोर तांदळाची चुंगडी, म्हणजे लहानशी गोणी, बांधली. तांदूळ लेकीसाठी होता आणि वाऱ्यानं आपण उडून जाऊ नये यासाठीही होता. लेकीच्या गावी जायला बस होती, पण ती घाट उतरते. तेव्हा रत्नागिरीला उतरून समुद्राच्या काठाकाठानं एकट्यानं सायकलवर जायचं त्यांनी ठरवलं. "पान्याच्या काठचा रस्ता पारीसारका सपाटच असन ना, भाऊ," त्यांनी मला समजावलं. ताई भंडाऱ्याला माझ्याकडे येऊन बसली. एकटीनं काळजी करायची तिला सवय नव्हती.

पहिल्या दिवशी दुपारी फोन आला. आवाजापेक्षा वाराच जास्त ऐकू येत होता. "भाऊ, हा रस्ता सपाट नोहे! डोंगर चढा, डोंगर उतरा! अन् वारा असा का मी उतारावरबी सायकल लोटून राहिलो!" वारा उत्तरेकडून येत होता आणि भाटव्यांनाही उत्तरेलाच जायचं होतं. चढावर वारा मागे लोटतो म्हणून खाली उतरायचं, उतारावर ब्रेकचा भरवसा नाही म्हणून खाली उतरायचं; असे ते कोकण बहुतेक पायीच पाहत होते. पण वाऱ्याबद्दल एक चांगला शब्दही बोलले, "असा वारा आपल्या खळ्यावर रायला असता, तर धान उपणायले पंखा लागला नसता." खाडी आली तेव्हा सायकलसकट लाँचवर चढावं लागलं. त्यांनी जादाची ट्यूब फुगवून गळ्यात घातली आणि अख्खी खाडी हारासारखी मिरवत पार केली. पलीकडच्या लोकांना वाटलं, कुणीतरी पुढारी आला.

इथवर आम्ही हसत होतो. तिसऱ्या दिवशी फोन आला नाही. मी लावला तर नुसताच वाजत राहिला. दुपारी भाचीचा फोन: "मामा, बाबा कुठंवर आले? मी फाट्यावर उभी आहो. इथं वारा लय आहे." ताईनं भाजी चिरायला घेतली आणि तशीच ठेवून दिली. एरवी मी हिंमतीचा माणूस, पण त्या दिवशी डोळ्यांपुढे काय काय आलं! वळणावरून सायकल गेली, खाली खडक, तांदूळ सांडलेला. भाटव्यांना जन्मभर रोज असं दिसत असणार, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि त्या माणसाबद्दल फार माया वाटली. ताई सारखी विचारत होती, "काहून उचलत नसतीन रे?" मी पुन्हा नंबर लावला.

दिवस कलायला आला तेव्हा भाचीचा पुन्हा फोन आला. बाबा सुखरूप पोहोचले. खाऱ्या हवेनं फोन बिघडू नये म्हणून त्यांनी तो पाच प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून तांदळात पुरला होता. ताई आधी रडली, मग इतकी भडकली की मला फोन काढून घ्यावा लागला.

पुढची हकीकत मला भाचीनंच सांगितली. भाटवे आल्या आल्या घरात न शिरता आधी पाणी पाहायला गेले. सवयीनं वाळूत, पाण्याच्या कडेला काडी रोवली आणि बसले. थोड्या वेळानं काडी पाण्यात! मागे सरकून दुसरी रोवली. तीही गेली. तिसरी गेली. आभाळात ढग नाही, पावसाचा थेंब नाही आणि पाणी चढतंय, म्हणजे वरून कुठला तरी मोठा तलाव फुटला असणार! भाटवे उठले आणि कोळीवाड्यातून ओरडत सुटले, "फुटलं! फुटलं! लेकरंबाळं वर काढा!"

माणसं घराबाहेर आली. जाळं विणत बसलेली एक म्हातारी म्हणाली, "ओरडताव कशाला? भरती हाय ती."

"भरती?" भाटवे थबकले. "पोलिसाची का शिक्षकाची?"

आमच्याकडे भरती म्हटलं की तेवढंच कळतं. दुसरी भरती त्यांनी भूगोलात वाचली होती. "पन ते पुस्तकातलं पानी होतं ना," असं नंतर ते म्हणाले. कोळीवाडा पोट धरून हसला. भाचीला मात्र हसू येईना. बाबा घाबरले होते, अख्ख्या गावानं ते पाहिलं होतं, आणि शब्द तिनंच दिला होता. तिनं घरी येऊन चिन्नोरचा भात टाकला. तो शिजेपर्यंत वर्गातल्या मुलांना काय सांगायचं हेच ती ठरवत होती.

जेवण झाल्यावर भाटवे तिला घेऊन पुन्हा काठावर गेले. पाणी दूर गेलं होतं. दोन काड्या वाहून गेल्या होत्या, एक ओल्या वाळूत उभी होती. भाटव्यांनी वाकून तिच्याभोवतीची वाळू चाचपली.

"उतरलं," ते म्हणाले.

"बाबा, राजीनाम्याचं..."

"कायचा राजीनामा? भेव तर लागलंच, बाई. पन भेव तर मले आपल्या तलावाचंबी लागते. त्याच्यापायी आपन गाव सोडलं काय?"

चार दिवस राहून भाटवे परतले. बसनं! घाट चढताना डोळे मिटून पुढचा दांडा धरून बसले होते, पण बसनं आले. शाळा घरापासून दूर, म्हणून सायकल लेकीला ठेवून आले. दिघोरीत आता ते पायी हिंडतात, आणि पायानं पडायचंही एक भय असतं हे नव्यानं सांगतात. रोज संध्याकाळी भाचीचा फोन येतो. भाटव्यांचा एकच प्रश्न, "उतरलं काय?" तिचं एकच उत्तर, "उतरलं, बाबा." मग ते पाटावर बसतात. कधी कधी त्या वेळी तिकडे पाणी चढत असतं, पण पोरगी उतरलंच सांगते.

परवा दिघोरीला गेलो तेव्हा आम्ही दोघं तलावाच्या पारीवर बसलो होतो. पाणी अगदी शांत होतं. भाटवे म्हणाले, "भाऊ, समुद्राची भरती रोजच्या रोज उतरते. मंग ही पोरीची भरती कधी उतरते?"

मी म्हणालो, "बदली होते ना. काही वर्षं लागतात."

"लागू दे," ते म्हणाले. त्यांनी हातातली काडी पाण्याच्या कडेला नीट रोवली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि घराकडे चालू लागले. फोन यायची वेळ झाली होती.