मुरमाचा चढ आणि गोठ्यातला पंप

चहा गार होऊ देऊ नका, पीत पीत ऐका. फजिती माझीच आहे, म्हणून मीच सांगते. दुसऱ्या कुणी सांगितली तर तो चढाचं सांगायचं विसरेल. आणि चढ मी चढले होते, पाय न टेकवता.

मी मिरजगावची, वय सत्तरच्या पुढं. अक्षरं शिकले ती कुणाला न विचारता, आणि मोटरसायकलही तशीच, कांद्याच्या वाफ्यात पडून पडून. भिंगारचा गॅरेजवाला विलास, त्याचा दोस्त सलीम आणि शाळेत शिकवणाऱ्या मार्थाबाई सुट्टीच्या दिवशी माळावरून, ओढ्यातून हलक्या, उंच गाड्या पळवतात. म्हटलं, मलाही एक गाडी आणा.

विलास म्हणाला, "आजी, मुरमाच्या चढावर पाय न टेकवता गेलात, तर पुढं डोंगराच्या कडेनं नेतो. टेकला, तर तिथूनच माघारी."

"माझं सोड. तुझा टेकला तर?"

तो हसला. हसू दिलं.

सकाळी त्यांच्या तीन आणि माझ्यासाठी आणलेली एक, अशा चार गाड्या माझ्या वस्तीवर लागल्या. मी चुलीवर चहा ठेवून बाहेर येते, तर सगळ्या गाड्यांची चाकं बसलेली. आमच्या शिवारात बाभळीचे काटे काय कमी आहेत? आणि ही मंडळी तिकडं विहिरीवर तोंड धूत गप्पा मारतायत. कसले हे रायडर? गोठ्यातला पायपंप काढला आणि चाकं दगडासारखी टणक केली. कुणाला बोलले नाही. उपकार करून सांगत फिरायची सवय नाही मला.

मुरमावर सलीम पहिला गेला, निम्म्यात आडवा झाला. मार्थाबाई वर राहिल्या, गाडी खाली आली. विलासनं दोन्ही पाय टेकवले, तरी घसरत घसरत पायथ्याला.

मग मी गेले. सरळ वर.

वरून शिकवायला लागले. "कंबर सैल सोडा. हँडलशी भांडू नका. गाडीला कळतं, वर कोण बसलंय ते."

विलास वाकून चाक दाबत होता. "आजी, मी मुद्दाम हवा सोडली होती. मऊ चाक मुरूम धरतं. हे टणक कुणी केलं?"

"मी. तुमाला पंचर कळंना, मग काय करू?"

मार्थाबाईंनी हेल्मेट काढलं. "सगळ्यांच्या गाड्यांत भरलीत?"

"व्हय."

"तुमच्याही?"

"माझीत कुठून? तिच्यापाशी आले, तर चहा उतू चालला हुता."

बोलून झालं, मग मी काय बोलले ते मला ऐकू आलं. सलीम मुरमात बसूनच हसायला लागला.

विलास शांतपणे म्हणाला, "पंप आहे माझ्याकडं. तुमच्याही चाकात हवा भरतो. परत एकदा चढून दाखवा."

"दाखवलं असतं रे," मी म्हटलं, "पण आज गुडघे लई दुखत्यात."

ते तिघं हवा सोडत बसले, तोवर मी डोंगराच्या कडेनं निघालेसुद्धा. गुडघे तेवढ्यात बरे झाले.